मधल्या सप्तकातली काळी दोन

पास्कोल मच्याडो सरांची आणि माझी पहिली भेट भांडणातून झाली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, असं आमच्या संपादक मंडळातल्या दोघांचं मत पडलं. परंतु ज्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे त्यांच्या कानांना खोटं लगेच कळतं, म्हणून जे घडलं तेच लिहितो. शिवाय लेखाच्या शेवटाकडे मला एक कबुली द्यायची आहे. ती सरांच्या परवानगीने देतो आहे. हुकुमाने म्हटलं तरी चालेल.

अठरा वर्षांपूर्वी मी पुण्याहून बहरैनला आलो आणि जुफैरमधल्या एका हॉटेलात एसी विभागाचा इंजिनिअर म्हणून लागलो. सर त्याच हॉटेलच्या लॉबीत संध्याकाळी पियानो वाजवत. आमची ओळख नव्हती. तक्रारींच्या रजिस्टरमध्ये एके दिवशी इंग्रजीत नोंद सापडली : ‘पियानोवर थेट झोत येतो. पियानोला सर्दी होते आहे.’ कुणीतरी विक्षिप्त दिसतोय, असं म्हणत मी वर गेलो आणि झोत बंद केला तर पाहुणे कुरकुर करतील, नियम असा आहे वगैरे सांगितलं. समोरच्या सडपातळ गृहस्थांनी माझ्या खिशावरच्या पाटीवर नाव वाचलं आणि मराठीत म्हणाले, “दातारसाहेब, पाहुणे दोन दिवसांनी जातात. हा इथेच राहणार आहे.”

मी हटलो नाही. नवी नोकरी, त्यात पुण्याचा. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पियानोचं खालचं फळकूट काढून आत पाण्याने भरलेला स्टीलचा लोटा ठेवलेला. “हे काय?” म्हटलं. “तुमची हवा लाकडातलं पाणी पिते. तिला वेगळं प्यायला ठेवलंय,” ते म्हणाले. मी हसलो. मग खाली जाऊन आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं आणि गुपचूप मोजलं. माणूस बरोबर होता. बहरैनच्या बाहेरच्या हवेत माणूस घामाने भिजतो आणि आतल्या हवेत लाकूड तडकतं, हे माझ्या धंद्यातलं सत्य मला एका वादकाने शिकवलं होतं. आठवड्याभरात मी झोताची दिशा बदलली, सांगितलं मात्र नाही. रजिस्टरमध्ये नवी नोंद आली : ‘धन्यवाद. सर्दी बरी आहे.’

सर मूळचे वसईचे. चर्चमधल्या ऑर्गनवर हात बसला, मग मुंबईच्या हॉटेलांतून वाजवलं आणि ऐन तिशीत ते या बेटावर आले. पत्नी फिलोमिनाबाई, आपणा सर्वांच्या फिलोबाई, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या. दोघांचा संसार अरादच्या एका बैठ्या घरात झाला आणि समोरच्या खोलीत सरांची शिकवणी. आज दोघेही निवृत्त आहेत, मुलाच्या व्हिसावर राहतात, आणि शिकवणी चालूच आहे. सरांना निवृत्तीबद्दल कुणी विचारलं की ते म्हणतात, “खलास म्हणायला अजून कुणी सांगितलेलं नाही.”

सरांनी आयुष्यभर शिकवलं ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकातलं युरोपचं वाद्यसंगीत, ज्याला तिकडे रोमँटिक म्हणतात. या शब्दाने घोटाळे व्हायचे. एका आईने दारातच विचारलं होतं, “एवढ्याशा पोरांना रोमँटिक कशाला हो सर? शाळेतलं काहीतरी शिकवा ना.” सरांनी शांतपणे सांगितलं, “बाई, यातला निम्मा वेळ माणूस घरची आठवण काढतो. तुमच्या मुलीला ते लागणारच आहे.” ती मुलगी पुढे नऊ वर्षं शिकली.

त्या संगीतकारांची नावं सरांच्या तोंडून विद्यार्थ्यांनी क्वचितच ऐकली असतील. नावं जड, मुलांच्या जिभेवर न बसणारी, आणि पुस्तकातल्या चित्रांत सगळे रागावलेले. म्हणून सरांनी त्यांना नाती लावली. पोलंडचे मामा, हॅम्बर्गचे दाढीवाले आजोबा, नॉर्वेचे धाकटे काका, हंगेरीचे जावईबापू. जावईबापू का, असं मी विचारलं होतं. “ते आले की सगळं घर हलतं, पंगत उठते, आणि गेल्यावर सगळे दमून बसतात,” सर म्हणाले. लायप्झिगचे दादा आणि वहिनी हे त्यांचं लाडकं जोडपं. इथल्या मुलांना सख्खे मामा-काका सुट्टीत महिनाभर भेटतात, तेही कपाटं आवरण्यात आणि लग्नं उरकण्यात. म्हणून बारा महिने घरात राहणारे नातेवाईक आपण त्यांना दिले, असं सर सांगतात. या लेखातही मी तीच नावं वापरणार आहे. इतक्या वर्षांनी मामांना नावाने हाक मारायची म्हणजे मला तरी अवघडल्यासारखं होईल.

नात्यांमधून सर शिस्तही शिकवत. एखादं पोर घाईत वाजवायला लागलं की लायप्झिगच्या दादांची गोष्ट निघायची. दादांना उत्तम पियानोवादक व्हायचं होतं. बोटं लवकर तयार व्हावीत म्हणून त्यांनी एक यंत्र बोटाला लावलं, आणि बोटच कामातून गेलं. “घाई दादांनी केली,” सर म्हणायचे, “आणि पुढे आयुष्यभर वाजवायला लागलं वहिनींना.” मुलांना ही गोष्ट पाठ आहे. मलाही आहे. ती ऐकताना मी खिडकीबाहेर बघत असे.

सरांच्या माणुसकीची एक आठवण सांगतो. आमच्या हॉटेलात हाउसकीपिंगला एक केरळी बाई होत्या. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न गावी ठरलं आणि नेमकी रजा मिळाली नाही. मुहूर्त साडेदहाचा, म्हणजे आपल्याकडे सकाळचे आठ. सरांची वेळ संध्याकाळची. तरी त्या दिवशी सर पावणेआठला इस्त्रीचा कोट घालून लॉबीत हजर. मॅनेजर म्हणाला, “सर, मॉर्निंग में म्यूझिक मफी,” म्हणजे ‘नाही’. सर म्हणाले, “आज है,” आणि बसले. आठच्या ठोक्याला त्यांनी नॉर्वेच्या काकांचा एक लग्नातला नाच सुरू केला. नाश्त्याला आलेले पाहुणे चमच्यांचा खणखणाट करत राहिले, कुणाचं लक्ष नव्हतं. त्या बाई खांबाजवळ टॉवेलांची चळत छातीशी धरून उभ्या होत्या आणि रडत होत्या. वाजवून झाल्यावर सर त्यांच्याकडे न बघता टाळ्या वाजवल्यासारखे हात झाडत निघून गेले. मला या असल्या गोष्टींनी भरून वगैरे येत नाही. त्या दिवशी आलं.

सरांची नोकरी म्हणजे न ऐकणाऱ्या लोकांसमोर वाजवणं. हॉटेलला हवी असायची सिनेमातली गाणी. सर तीही मन लावून वाजवत आणि दोन गाण्यांच्या मध्ये मामांची एखादी लहानशी रचना सोडून देत. “कुणाला कळलं नाही ना?” असं ते मला हळूच विचारत. सगळ्यांत जास्त वेळा यायची ती मामांची एक संथ रचना. मी लहानपणी पुण्यात पेटी शिकलो होतो, तेवढ्या ज्ञानावर मी त्यांना म्हणालो, “सर, हिचा षड्ज काळी दोन आहे.” पियानोवाले पट्ट्यांना वेगळी नावं देतात, पेटीवाल्यांच्या भाषेत मधल्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी म्हणजे काळी दोन. सरांना शब्द आवडला. “काळी दोन! म्हणजे मामांचं घर काळी दोनमध्ये,” असं म्हणत त्यांनी तो उचलला तो कायमचा. अरादच्या शिकवणीतली मुलं, जी एरवी मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देतात, तीही ‘काली दोन’ म्हणतात.

आता या काळी दोनबद्दल. सरांच्या सर्व विद्यार्थ्यांची एक खोड जाणकारांना माहीत आहे. कुठल्याही पियानोवर बसवा, मधल्या सप्तकातल्या काळी दोनवर त्यांचं बोट धाडकन पडतं. बाकी सगळं रेशमी आणि मध्येच दार आपटल्यासारखं. परीक्षा घ्यायला बाहेरून परीक्षक येतात. एका वर्षी त्यांनी ओळीने पाच मुलं ऐकली आणि चष्मा काढून विचारलं, “ही सगळी एकाच घरातली आहेत का?” सर म्हणाले, “हो, एकाच पियानोवरची.” कारण सरांच्या अरादच्या पियानोची ती एकच पट्टी मेलेली आहे. दाबली तर ‘ठक’ इतकाच आवाज येतो. जोर लावला तर थोडी कण्हते. मुलं लहानपणापासून जोर लावत आली, आणि दुसरीकडे चांगल्या पियानोवर बसली की तोच जोर पडतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी सर प्रत्येकाला बजावतात, “काळी दोनवर हळू.” मुलं विसरतात, कारण बोटांनी ते लहानपणीच शिकून ठेवलेलं असतं.

दरवर्षी अदलियाच्या छोट्या सभागृहात मुलांचा कार्यक्रम होतो. पालक कौतुकाने ऐकतात, चित्रीकरण करतात. ती पट्टी येते, धाडकन वाजते, पालक हसतात, ‘सरांची सही’ म्हणतात. मी मागच्या रांगेत बसतो आणि हसत नाही. ती सही सरांची नाही. माझी आहे.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली. जुलैत आपलं बेट अर्धं रिकामं होतं, शाळा बंद, जो तो गावी. सर आणि फिलोबाई दोन महिन्यांसाठी वसईला निघाले. तो तपकिरी पियानो सरांनी बेट सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून घेतला होता आणि तो उचलून आत आणणाऱ्या चौघांत मी होतो. त्यामुळे किल्ली माझ्याकडे आली. सरांनी सूचना दिली : “एसी चोवीसवर आहे. त्याला हात लावू नका. आठवड्यातून एकदा या, लोटा भरा, आणि जा.”

एसीला हात लावू नका, हे एसीच्या माणसाला सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात गेलो, तर यंत्र घरघरत होतं. फिल्टर तुंबलेला. सर परत येतील तेव्हा यंत्र कसं गार आणि मुकाट चालत असेल, असं मनात आलं आणि राहवलं नाही. मेन स्विच बंद केला, फिल्टर धुतला, वाळवला, बसवला. तेवढ्यात हॉटेलातून फोन : मुख्य यंत्रणा बंद पडलीय, लॉबीत लोक ओरडताहेत, यल्ला, ताबडतोब या. मी पळालो. मेन स्विच बंदच राहिला. पुढच्या आठवड्यात माझी स्वतःची रजा लागली आणि मी पुण्याला गेलो. लोटा भरायला कुणाला तरी सांगावं, हेही मला सुचलं नाही.

पाच आठवड्यांनी परतलो. सर यायला चार दिवस होते. दार उघडलं तर आत ओल्या टॉवेलचा वास. भिंतीला ओल, लाकूड फुगलेलं, पट्ट्या दाबल्या की दबलेल्याच राहत होत्या. इथे थांबून मी कुणाला तरी विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी स्विच चालू केला, एसी सोळावर टाकला, हॉटेलातून हवा कोरडी करायचं यंत्र आणून तेही लावलं. चार दिवसांत खोली खडखडीत करून टाकायची, सरांना कळणारसुद्धा नाही, असा हिशोब. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिथे उभा असताना पियानोच्या पोटातून एकदाच ‘टक्’ असा आवाज आला. तारा ज्या लाकडी पट्टीवरून ताणलेल्या असतात तिला चीर गेली होती. बरोबर काळी दोनच्या तारांखाली. भिजलेलं लाकूड हळूहळू वाळवायचं असतं, हे सुताराच्या पोरालाही कळतं. माझ्याकडे तर आर्द्रता मोजायचं यंत्रही होतं.

सर आले. त्यांना विमानतळावरून आणायला गेलेले दोन पालकही खोलीत होते. बॅगा दारातच ठेवून सरांनी पियानो उघडला आणि मामांची ती रचना सुरू केली. घरापर्यंत आले आणि ‘ठक’. पुन्हा वाजवलं. पुन्हा ‘ठक’. “दातार, काय झालं हे?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “सर, मी सुट्टीवरून आलो तेव्हा मेन स्विच बंद होता. मी चालू केला.”

सरांना खोटं लगेच कळतं, असं मी वर लिहिलं आहे. हे कळलं नाही, कारण यातला शब्द न् शब्द खरा होता. सर वळले आणि चौघांदेखत म्हणाले, “फिलो, निघताना मेन बंद केलास?” फिलोबाईंची सवय सगळ्यांना ठाऊक. गॅस, नळ, दिवे, वॉर्डातलेसुद्धा, निघताना सगळं बंद करणार. हातात पर्स तशीच, बाई आठवत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरत गेला. “केला असेल,” त्या म्हणाल्या. “सवयीने हात गेला असेल हो.” मी त्यांच्यापासून चार पावलांवर होतो. बोलायला ती वेळ होती. मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती.

सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. दुबईहून माणूस येऊन पियानो बघून गेला, म्हणाला, ही चीर सांधणं म्हणजे पियानो नव्याने बांधणं. सरांनी त्याच्यावरच शिकवणं चालू ठेवलं आणि मामांची ती रचना स्वतः वाजवणं सोडलं. हॉटेलातही. फिलोबाई मात्र त्या वर्षानंतर उन्हाळ्यात वसईला गेल्या नाहीत. सर एकटे जाऊन येतात. बाई जुलै-ऑगस्ट अरादला थांबतात, एसी चोवीसवर ठेवून. बहिणी फोन करतात, भाच्या बोलावतात, बाई म्हणतात, “डिसेंबरात येते ना आठ दिवस.” कुणी कारण विचारलं तर हसून सांगतात, “माझ्यावर भरवसा नाही बाबा, मी स्विच बंद करून येईन.” असे अकरा उन्हाळे.

मी त्या सप्टेंबरातच सरांचा विद्यार्थी झालो, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. दर सोमवारी तास. त्या घरातला नळ, पंखा, एसी, सगळं मीच बघतो. संपादक मंडळात माझ्या गुरुनिष्ठेचं कौतुक होतं, आणि हा लेख माझ्याकडे आला तोही त्यामुळेच. निष्ठा कसली डोंबलाची! टोचणी होती. सरांच्या शिकवण्याने पुढे तिची गोडी झाली, हे खरं, पण सुरुवात टोचणीने झाली.

लेख लिहायला बसलो. कार्य झालं, शिस्त झाली, आणि मग नेहमीप्रमाणे ‘सरांची क्षमाशील वृत्ती’ असं लिहिलं. पुढे प्रसंग द्यायचा तर पेन अडलं. सरांनी मला क्षमा केलेली नव्हती; मी कधी मागितलीच नव्हती. दोन दिवस कागद तसाच पडला. शुक्रवारी दुपारी उठून अरादला गेलो.

शिकवणी संपत आली होती. आठ वर्षांची एक मुलगी मामांचाच एक सोपा तुकडा वाजवत होती. धाडकन काळी दोन. “सर, इट्स नॉट टॉकिंग,” ती वैतागून म्हणाली. “नाही बोलत ना? मग तू मनात बोल. यल्ला, पुन्हा,” सर म्हणाले. ती गेल्यावर मी दार लोटलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. फिल्टर, फोन, सोळा नंबर, नाडी. सर पियानोच्या स्टुलावर बसून ऐकत होते. मी त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

“फिलोला सांगितलंत?”

“नाही सर. आधी तुम्हाला...”

“मला आधी कशाला?” सरांचा आवाज चढला. “पट्टी माझी गेली. उन्हाळे तिचे गेले.”

मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, “मी तिला चौघांदेखत विचारलं होतं. हे माझंही आहे. आत जाऊन तिला सांगा. आणि त्या ग्रंथात लिहा, सगळ्यांदेखत. माझं कौतुक नंतर करा.”

फिलोबाई स्वयंपाकघरात मासे तळत होत्या. मी बोलायला लागलो. मध्येच त्यांनी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसल्या. सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःशीच म्हणाल्या, “म्हणजे मी नव्हते.” पुन्हा एकदा म्हणाल्या, “मी नव्हते.” हाताला पीठ होतं, ते त्यांनी पदराला पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. “अकरा वर्षं मी घराबाहेर पडताना दोनदा परत येते हो. टॅक्सी थांबवून येते. मला वाटायचं, माझं डोकं चालेनासं झालंय. आणि तुम्ही दर सोमवारी इथे जेवत होता.”

मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. न लिहायची वाटली असती.

बाईंनी मला रडू दिलं. मग उठून गॅस पेटवला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “या जुलैत मी वसईला जाणार. ह्यांच्याबरोबर. दोन महिने पूर्ण. आणि तुम्ही पुण्याला जायचं नाही. इथे येऊन राहायचं. कळलं? त्या खोलीत गादी घालून.” मी हो म्हणालो. “मासे दोन ठेवलेत तुमचे,” त्या म्हणाल्या. “आज गिळायला जड जातील, पण टाकायचे नाहीत.”

निघताना सर दारापर्यंत आले नाहीत. आतूनच म्हणाले, “सोमवारी तास आहे. चुकवू नका.” सोमवारी त्यांनी माझ्यासमोर मामांची ती संथ रचना ठेवली. अकरा वर्षं मी ती मागायला धजलो नव्हतो. मी काळी दोनवर आलो की ते म्हणायचे, “हळू.” पुन्हा आलो की, “हळू, दातार. ती जोराने बोलत नाही, आणि तुम्हाला आता जोर लावायचं कारणही नाही.” पाऊण तास तेवढंच. क्षमा हा शब्द त्यांनी काढला नाही. मीही आता मूळ वाक्य लेखातून खोडलं आहे.

पंचाहत्तरीच्या समारंभात, अदलियाच्या त्याच सभागृहात, सर स्वतः ती रचना वाजवणार आहेत, असं संपादकांनी कळवलं आहे. पहिल्या रांगेत फिलोबाई असतील. सगळे गप्प बसून ऐकतील, चमचे वाजणार नाहीत. अडतीस-चाळीस वर्षं वाजवल्यावर हे त्यांना मिळतं आहे. म्हातारपणी हॅम्बर्गच्या आजोबांनी मोठमोठी भाषणं सोडून छोट्या गोष्टी सांगायला घेतल्या, असं सर म्हणतात; तशा पुष्कळ गोष्टी त्यांच्याकडे अजून शिल्लक आहेत.

सरांना आणि फिलोबाईंना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो, ही प्रार्थना सगळेच करतील. माझी त्यात गरजही आहे. बाईंचे अकरा उन्हाळे माझ्याकडे आहेत आणि ते एकेक करूनच परत देता येतात. तेव्हा पुढचे अकरा जुलै दोघांनी ठणठणीत राहून वसईला जायलाच हवं, त्याच्या आत मला सुटका नको. मी अरादला असेन. लोटा भरलेला असेल. एसी चोवीसवर. हात लावणार नाही.